बाबांना न नेता दाखला मिळतो, पण घेऊ नका

प्रश्न पुण्यात नोकरी करणाऱ्या एका मुलीचा आहे. वडील कोल्हापूरजवळच्या उचगावला राहतात. पुढच्या महिन्यात त्यांना साठ पूर्ण होतात आणि लायसन्सची मुदतही त्याच दिवशी संपते. १२ वर्षांपासून शुगर आहे, दिवसा गोळ्या आणि रात्री इन्सुलिन. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन महिन्यांपूर्वी झालं, डाव्याचं अजून व्हायचं आहे. गगनबावड्याकडं शेत आहे, बोलेरो स्वतः चालवत जातात आणि परत यायला अंधार होतोच. लायसन्सचा एजंट म्हणतो, "काकांना आणायची काय गरज नाही, डॉक्टरचा दाखला मी बघतो." शिवाय धाकट्या भावाला रंगांची नजर तपासायच्या ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे वाचता येत नाहीत आणि त्याला टेम्पो चालवायचा आहे. तर या दोघांचं काय होईल?

मी कोल्हापुरात राजारामपुरीत डोळ्यांचा दवाखाना चालवतो, त्यामुळं लायसन्ससाठी लागणारे तब्येतीचे असे दाखले २७ वर्षं लिहितोय. आधी त्या एजंटचं बघू.

दवाखाना नवीन होता तेव्हाची गोष्ट. एक गृहस्थ सकाळी १४ फॉर्म घेऊन आले. "सगळे खाली जीपमध्ये बसलेत डॉक्टर, वर जिना चढायला नको म्हणाले. तुम्ही सह्या करा, मी फोटो चिकटवतो." गर्दी नव्हती, म्हणून मीच जिना उतरून खाली गेलो. जीपमध्ये पेंडीची दोन पोती आणि झोपलेला ड्रायव्हर. दाखल्याच्या मजकुरात, अर्जदाराची मी स्वतः तपासणी केली आहे, असं स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि त्याच्याखाली माझी सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक. त्या दिवशी मी सह्या केल्या नाहीत. पण खरं सांगायचं तर त्याआधी आठवडाभर दुसऱ्या एकाच्या तीन फॉर्मवर मी डोळे झाकून सह्या केल्या होत्या. ती तीन माणसं कोण होती, त्यांना काय दिसत होतं, मला आजही माहीत नाही. आता दाखला बहुतेक डॉक्टरच्या लॉगिनमधून ऑनलाइन चढतो, त्यामुळं पोत्यांचा जमाना थोडा मागं पडला. पण पासवर्ड दुसऱ्याच्या हातात देणारे आहेतच.

तुमच्या बाबांचा दाखला म्हणजे फॉर्म १-अ. चाळिशीच्या आतल्या माणसाला खाजगी गाडीसाठी फक्त फॉर्म १ पुरतो. तो स्वतःच भरून स्वतःच सही करायचा: मला फिट येत नाही, नीट ऐकू येतं, वगैरे. चाळिशीनंतर डॉक्टरचा १-अ जोडावा लागतो. व्यावसायिक वाहनाच्या लायसन्सला तो कुठल्याही वयात लागतो. आणि मुदतीचं गणित असं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिशीच्या आत काढलेलं लायसन्स चाळिशीपर्यंत चालतं, तीस ते पन्नासच्या दरम्यान काढलं तर दहा वर्षं, पन्नास ते पंचावन्नच्या दरम्यान काढलं तर साठीपर्यंत, आणि पंचावन्ननंतर दर वेळी पाच-पाच वर्षं. म्हणून तुमच्या बाबांचं लायसन्स बरोबर साठीशांतीच्या मुहूर्तावर संपतंय. पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवस ते चालायचं, ती सवलत २०१९ मध्ये गेली. गावाकडं अजून लोक "महिनाभर चालतंय" म्हणतात. चालत नाही. मुदत संपायच्या आधी एक वर्षापासून अर्ज करता येतो आणि संपल्यावर एक वर्षाच्या आत केला तर पुन्हा ट्रायल द्यावी लागत नाही. मधल्या काळात मात्र गाडी चालवायची नाही.

आता १-अ मध्ये डोळ्यांबद्दल नेमकं काय विचारलंय ते बघा. चांगल्या दिवसाउजेडी २५ मीटरवरून मोटारीची नंबर प्लेट ओळखता येते का? चष्मा लागत असेल तर चष्मा लावून. रातांधळेपणा आहे का? रंगांचा प्रश्नही आहे, त्याच्याकडं भावाच्या वेळी येतो. हातपाय, सांधे आणि कान यांच्याबद्दल एकेक ओळ. संपलं.

२५ मीटर हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, म्हणून मी एकदा गणित मांडून बघितलं. चारचाकीच्या प्लेटवरची अक्षरं नियमानं ६५ मिलिमीटर उंचीची असतात. ती २५ मीटरवर ठेवली की डोळ्यापाशी जेवढा कोन होतो तो, आमच्या तक्त्याच्या भाषेत, ६/१२ च्या ओळीपेक्षा (निरोगी डोळ्याला १२ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून वाचणं) जरासा अवघड पडतो. म्हणजे ६/१२ ची ओळ जेमतेम वाचणारा माणूस प्लेटवर अडखळेल आणि ६/९ वाला आरामात वाचेल. म्हणून दाखला लिहिताना मी स्वतःपुरती ६/९ ही वेस धरतो, तीही दोन्ही डोळे उघडे ठेवून, आणि मग प्रत्येक डोळा वेगळा झाकून बघतो. वेगळा बघणं का महत्त्वाचं, ते रोज दिसतं. परवाच एक दुकानदार आले, ५५ वर्षांचे. डावा डोळा झाकला आणि म्हणाले, "अहो लाइट गेली का?" उजव्या डोळ्यानं वर्षभर काहीच दिसत नव्हतं आणि त्यांना पत्ता नव्हता, कारण डावा त्याचंही काम करत होता. रोज गांधीनगरहून स्कूटरवर माल आणत होते.

(फॅन्सी नंबर प्लेटवाल्यांसाठी एक वाक्य. ४१४१ चं 'दादा' करणाऱ्यांची प्लेट २५ मीटरवरून मलाही वाचता येत नसे. नव्या सुरक्षा प्लेटा आल्यापासून ती हौस जरा कमी झालीय.)

ताशी ६० च्या वेगानं २५ मीटर अंतर दीड सेकंदात संपतं आणि समोरचं दिसल्यापासून ब्रेक मारून गाडी थांबायला त्याहून जास्त अंतर लागतं. म्हणजे प्लेट वाचता आली म्हणून वेळेत थांबता येईल असं काही नाही. ती चाचणी इतकंच सांगते की या माणसाला मध्यभागी, स्थिर वस्तू, उजेडात दिसते.

बाजूचं दिसतं का, हे ती सांगत नाही. एक निवृत्त मास्तर कागलकडून यायचे. लायसन्सचं नूतनीकरण होतं. तक्त्यावरची खालपर्यंतची अक्षरं त्यांना दिसत होती, पण प्रत्येक ओळीतली डावीकडची दोन-तीन अक्षरं ते सोडून वाचत होते. मला वाटलं घाई करतायत. "मास्तर, सुरुवातीपासून वाचा की." "सुरुवातीपासूनच वाचतोय." मग त्यांना समोर बसवलं, एक मीटरवर. माझ्या नाकाकडं बघायला सांगितलं आणि मी दोन्ही हात बाजूला पसरून बोटं हलवली. उजवीकडचं बोट हललं की लगेच सांगायचे. डावीकडचं बोट मी त्यांच्या नाकासमोर आणेपर्यंत त्यांना दिसेना. दोन्ही डोळ्यांना तसंच. मुलगा बरोबर होता, त्याला विचारलं, गाडीला कुठं घासलंय का? तो म्हणाला, सहा महिन्यांत डावा आरसा दोनदा बदलला, डाव्या दारावर ओरखडेच ओरखडे, आम्ही म्हणत होतो वयामुळं अंदाज चुकतोय. मेंदूच्या स्कॅनमध्ये जुना, छोटा स्ट्रोक निघाला. हातापायाला काही झालं नव्हतं म्हणून कुणाला कळलं नाही. डोळे निर्दोष होते, मागची तार तुटली होती. अशा माणसाला डावीकडून येणारी सायकल दिसतच नाही आणि दिसत नाही हेही त्याला कळत नाही. नंबर प्लेट मात्र तो मान किंचित वळवून वाचतो.

काचबिंदूत हेच हळूहळू होतं. कडा खाल्ल्या जातात, मधली नजर ६/६ राहते आणि पेशंट म्हणतो मला सगळं दिसतंय. तुमच्या बाबांना शुगर आहे, वय साठ आहे, म्हणून फॉर्म मागत नसला तरी त्यांची पेरिमेट्री, म्हणजे बाजूच्या नजरेची तपासणी, करून घ्या. यंत्रात डोकं टेकवून बसायचं, बारीक दिवे चमकतात, दिसला की बटण दाबायचं. कंटाळवाणं काम आहे, बाबा कुरकुर करतील.

आता रात्रीचं. माझ्या मते हाच तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे आणि फॉर्ममध्ये त्याला फक्त 'रातांधळेपणा' एवढा एक शब्द आहे. खरा रातांधळेपणा, म्हणजे अंधारात चाचपडणं, हा बहुतेकदा डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या आनुवंशिक आजारातून येतो. आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्नं होत आलीत, त्यामुळं असे पेशंट मला अधूनमधून भेटतात. तिशीतला पोरगा, दिवसा ६/९, संध्याकाळी सहानंतर आईचा हात धरून चालतो. त्याला लायसन्स नको, हे सांगायला धाडस लागत नाही. पण त्यांच्याहून कितीतरी जास्त लोक दुसऱ्या गटातले असतात. त्यांना रातांधळेपणा नसतो, समोरच्या गाडीचा प्रकाश डोळ्यात पसरतो. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचणारा उजेड विशीच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश असतो, कारण बाहुली लहान होते आणि भिंग पिवळं पडतं. त्यात मोतीबिंदू असेल तर समोरून आलेल्या एलईडीचा झोत भिंगात विखुरतो आणि सगळी काच पांढरी होते. पावसाळ्यातल्या करूळ घाटाच्या धुक्यात अप्पर दिवा लावला की जसं होतं तसंच, फक्त हे धुकं डोळ्याच्या आत असतं.

गगनबावड्याहून परतीचा रस्ता तुम्हाला ठाऊकच आहे. ऊसतोडीच्या हंगामात कळे-बालिंगेच्या अलीकडं-पलीकडं डबल ट्रॉल्या चाललेल्या असतात. मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर ऊसाच्या पाचटाखाली झाकलेला, आणि ट्रॅक्टरवर स्पीकर इतका मोठा की हॉर्न ऐकू जाणं शक्य नाही. (१-अ मध्ये कानांबद्दल विचारतात, स्पीकरबद्दल नाही.) समोरून बस आली की दोन सेकंद तुमच्या बाबांच्या डाव्या डोळ्यासमोर नुसता पांढरा गोळा असतो आणि त्या गोळ्यापलीकडं ट्रॉलीची मागची बाजू असते. म्हणून माझं स्पष्ट मत: डाव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन नजर बसेपर्यंत त्यांनी सूर्यास्तानंतर गाडी चालवू नये. दिवसा चालवू दे. दाखला मिळाला तरीही.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं असताना आणखी एक घोळ असतो. दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक पडला तर चष्म्यातून प्रतिमा लहान-मोठ्या दिसतात आणि अंतराचा अंदाज चुकतो. जिना उतरताना पायरी चुकते, तसं ओव्हरटेक करताना होतं. बाबांना विचारा, पार्किंग करताना चुकायला लागलंय का? हो म्हणाले तर दुसरं ऑपरेशन पुढं ढकलू नका.

आणि त्या ऑपरेशनला जाताना डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा की पेशंट रात्री गाडी चालवतो. हे कोणी सांगत नाही आणि पुष्कळदा आम्हीही विचारत नाही. हल्ली महागडी मल्टिफोकल (लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणारी) लेन्स खपते, चष्मा सुटतो म्हणून. त्या लेन्समध्ये रात्री दिव्याभोवती कडी दिसतात. बऱ्याच जणांना काही महिन्यांत सवय होते, काहींना होत नाही. रात्री स्टिअरिंग धरणाऱ्या माणसाला मी साधी मोनोफोकल (एकाच अंतराचं नीट दाखवणारी) लेन्सच सांगतो, आणि वर ज्याचा पडदा शुगरनं आधीच खराब झालाय त्याला तर मल्टिफोकल घालूच नये. मोनोफोकल स्वस्त आहे म्हणून कमी दर्जाची आहे असं नाही. वाचायला चष्मा लागेल, लागू दे.

शुगरच्या बाबतीत डोळ्यात तीन गोष्टी बघा. पहिली, पडद्याची तपासणी. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पडद्याची सूज वाढू शकते, म्हणून दोन महिन्यांनी बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा बघितलेला असायला हवा. दुसरी, पडद्याला भरपूर लेसर झालेला असेल तर बाजूचं आणि रात्रीचं कमी दिसतं. लेसरनं नजर वाचते, पण ही किंमत द्यावी लागते. तिसरी गंमत आहे. शुगर वरखाली झाली की चष्म्याचा नंबरही वरखाली होतो. एकजण दर दोन महिन्यांनी चष्मा बदलायचे आणि चष्मेवाल्याला शिव्या द्यायचे. त्यांची उपाशीपोटीची शुगर ३०० होती. आधी शुगर, मग चष्मा, मग दाखला, हा क्रम ठेवा.

पण गाडीपुरता शुगरचा सगळ्यात मोठा धोका डोळ्यात नाहीच, तो शुगर अचानक उतरण्यात आहे. नुसत्या मेटफॉर्मिनवर असणाऱ्याला ही भीती फारशी नसते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांवर असणाऱ्याला असते. बाबा दोन्हींवर असावेत, गोळ्यांचं पाकीट बघा. शेतावर गेले, दुपारचं जेवण राहिलं, ऊन लागलं, चार वाजता गाडीत बसले, की ७० च्या खाली यायला वेळ लागत नाही. घाम, थरथर, छाती धडधडणं ही सूचना मिळते तोवर ठीक. १०-१२ वर्षं शुगर असणाऱ्यात ही सूचना मिळणंच कमी होतं, आणि बीपीच्या काही गोळ्या धडधड झाकून टाकतात. मग माणूस थेट गोंधळतो. मला एक ट्रकवाला म्हणाला होता, "डॉक्टर, शिरोली नाक्याला वळायचं होतं, भानावर आलो तर पेठनाका मागं गेलेला." मधले सगळे किलोमीटर त्यानं कसे काढले हे त्यालाही माहीत नव्हतं.

म्हणून निघताना बोटावर टोचून बघायचं. ९० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खायचं, मग किल्ली. गाडीत ग्लुकोजची पुडी हाताशी हवी, डिकीत नाही. वाटेत जाणवलं तर गाडी बाजूला घेऊन किल्ली काढायची, ग्लुकोज नाहीतर साखरपाणी घ्यायचं (आपल्याकडं रसाचं गुऱ्हाळ दर दोन मैलांवर आहे, तेही चालतं), १५ मिनिटांनी पुन्हा टोचायचं, आणि शुगर वर आली तरी पाऊण तास निघायचं नाही. मेंदू शुगरपेक्षा उशिरा भानावर येतो.

फॉर्म १ मधल्या इतर प्रश्नांबद्दल लोक मला विचारतात, ते भराभर सांगतो.

आकडी. 'अपस्मार, अचानक बेशुद्धी किंवा चक्कर येते का?' असा सरळ प्रश्न आहे. इंग्लंडमध्ये वर्षभर झटका नाही आला तर साधारणपणे मोटार चालवायला परवानगी मिळते, आपल्याकडच्या फॉर्ममध्ये अशी वर्षांची मोजणीच नाही. त्यामुळं लोक लपवतात. मी लपवायला मदत करत नाही. न्यूरॉलॉजिस्टकडं पाठवतो आणि तोवर घरच्यांना किल्ली ठेवायला सांगतो. चाळिशीच्या आत हा फॉर्म डॉक्टरकडं येतच नाही, माणूस स्वतःच 'नाही' लिहितो, ही खरी फट आहे.

कान. ऐकू न येणाऱ्यांना लायसन्स मिळतच नाही हा जुना समज झाला. २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि हळूहळू वाट मोकळी झाली. आरसे जास्त बघतात ती माणसं, हे माझं निरीक्षण.

हातपाय. गाडी बदलून घेतली, म्हणजे बाजूला चाकं लावलेली दुचाकी किंवा हातानं ब्रेक मारायची सोय, तर त्या गाडीपुरतं लायसन्स मिळू शकतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ८ मध्येच ती सोय आहे.

एक डोळा. आधी पाच वर्षं लायसन्स होतं आणि नंतर एक डोळा गेला, अशा माणसाला खाजगी हलक्या गाडीसाठी, स्टिअरिंगच्या बाजूला बाहेर आरसा असेल तर, फॉर्म १ च्या मजकुरात जागा ठेवलेली आहे. मी मात्र डोळा गेल्यावर पहिले काही महिने थांबायला सांगतो. कपात चहा ओतताना कपाबाहेर सांडतो तोवर गाडी नको.

घोरणं. हे फॉर्ममध्ये नाही. जाड मान, रात्रभर घोरणं, दिवसा सिग्नलला डुलकी, असं असेल तर झोपेची तपासणी करा. सर्दीच्या गोळीनं झोप येते हे सगळ्यांना माहीत आहे आणि तरी गोळी घेऊन सगळे निघतात.

आता भाऊ. त्याला ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे दिसत नाहीत म्हणजे लाल-हिरव्या रंगांत काही दोष आहे, एवढंच सिद्ध झालं. ते पुस्तक इशिहारा नावाच्या जपानी डॉक्टरनं १९१७ मध्ये काढलं. दोष आहे की नाही हे ते फार चांगलं सांगतं, दोष किती आहे हे नीट सांगत नाही. आणि आता कायद्यात 'किती' यालाच महत्त्व आहे. लाल-हिरवा ओळखता येतो का, हा जुना सरसकट प्रश्न जून २०२० मध्ये बदलला. सौम्य आणि मध्यम दोष असणाऱ्यांना लायसन्स मिळतं, तीव्र दोषालाच अडवलं जातं. म्हणून त्याला नुसतं पुस्तक दाखवून परत पाठवणाऱ्याकडं थांबू नका. रंगीत चकत्या क्रमानं लावायची डी-१५ नावाची चाचणी असते, ती करून तीव्रता लिहून घ्या. मी त्याच्यासारख्या मुलांना खिडकीतून खालच्या रस्त्यावरच्या गाड्याही दाखवतो. ब्रेकचा दिवा लागला की सांग म्हणतो. बहुतेक जण बरोबर सांगतात, कारण ते रंगापेक्षा उजेड वाढलेला पकडतात. सिग्नलला लाल वर आणि हिरवा खाली, हे त्यांनी लहानपणीच पाठ केलेलं असतं. अडचण येते ती रात्री लांबून एकच दिवा दिसतो तेव्हा, आणि पिवळा लुकलुकता दिवा असतो तेव्हा.

आई विचारत असतील की हे आलं कुठून, तर तिला दोष देऊ नका, पण येतं आईकडूनच. बहुधा तिच्या वडिलांना किंवा भावाला हेच असेल. मामाला विचारा, तो हसून कबूल करेल.

टेम्पोबद्दल एक गोष्ट. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं सांगितलं की एकूण वजन ७५०० किलोपेक्षा कमी असलेलं व्यावसायिक वाहन साध्या हलक्या मोटारीच्या लायसन्सवर चालवता येतं. छोटा टेम्पो असेल तर भावाला त्याचा फायदा आहे. मोठ्या गाडीकडं जायचं असेल तर व्यावसायिक लायसन्स, त्याला २० वर्षं पूर्ण आणि हलक्या गाडीचं एक वर्ष जुनं लायसन्स, आणि दर पाच वर्षांनी १-अ.

समजा दोघांपैकी कुणाला नकार आला, तर लेखी कारण मागा. कलम १७ खाली ३० दिवसांत अपील करता येतं. आणि उलट बाजूही लक्षात ठेवा. लायसन्स हातात आल्यावरसुद्धा आजारामुळं माणूस चालवायला योग्य नाही असं वाटलं तर कलम १६ खाली ते रद्द करता येतं किंवा नवा दाखला मागता येतो. शरीर किंवा मन ठिकाणावर नसताना गाडी चालवली तर कलम १८६ आहे, पहिल्यांदा १००० रुपये, पुढच्या वेळी २०००. दंड किरकोळ आहे. पण अपघातानंतर विम्याचा माणूस आणि वकील पहिल्यांदा हेच कागद उलगडतात, आणि एजंटनं आणलेल्या दाखल्यावरचा 'स्वतः तपासणी केली' हा मजकूर तेव्हा कुणाच्याच कामी येत नाही.

तुम्ही पुण्याहून शनिवारी येणार असाल तर असं करा. बाबांचा सध्याचा चष्मा, जुना चष्मा, ऑपरेशनचं कार्ड, गोळ्यांची पाकिटं आणि गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारा एचबीएवनसीचा रिपोर्ट घेऊन कुठल्याही नेत्रतज्ज्ञाकडं जा. माझ्याकडंच या असं नाही, सीपीआर या सरकारी दवाखान्यातही डोळ्यांचा विभाग आहे. आधी नजर, मग बाजूचं दिसणं, मग थेंब घालून पडदा. दाखला त्याच वेळी मागा. डॉक्टरनं 'चष्म्यासह' असं लिहिलं तर गाडीत दुसरा जोड ठेवा. आरटीओत ताराबाई पार्कला जायची पाळी आली तर सकाळी लवकर जा.

आणि थेंब घातल्यावर चार-सहा तास बाहुली मोठी राहते, उन्हात डोळे उघडवत नाहीत, जवळचं दिसत नाही. गेल्याच महिन्यात एक काका थेंब घालून, काळा चष्मा लावून, स्प्लेंडरला किक मारताना माझ्या कंपाउंडरनं पकडले. लायसन्सच्या दाखल्यालाच आले होते. तेव्हा बोलेरो उचगावलाच राहू दे. बाबांना केएमटीच्या बसनं आणा.